सातवीवर थांबलेली माणसं कुठल्या यादीत बसतात?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. मध्यंतरी शाळेतले गुरुजी यादी घेऊन दारात आले. 'उल्लास'चा सर्व्हे चालला होता. उल्लास म्हणजे केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ पासूनचा. पंधरा वर्षांपुढच्या ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना हुडकायचं, एखादा स्वयंसेवक जोडून द्यायचा आणि शेवटी परीक्षा घ्यायची. आमची आज्जी चौऱ्याहत्तर वर्षांची, तिचं नाव लगेच यादीत बसलं. गुरुजींनी जाता जाता आईला विचारलं, "वहिनी, तुमचं किती झालंय?"

"सातवी."

"मग तुम्ही साक्षर. तुमचं नाव यात येत नाही." चहा पिऊन गुरुजी पुढच्या घरी गेले.

आज्जीला शेजारची नववीतली पोरगी शिकवायला यायची. मार्च २०२४ मध्ये परीक्षा झाली. वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास असा दीडशे गुणांचा पेपर. आज्जी पास झाली. प्रमाणपत्र लॅमिनेशन करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. आता वडूज स्टँडवर ती एसटीची पाटी स्वतः वाचते. 'द... हि... व...' करत 'डी'पर्यंत पोचते तोवर कंडक्टरनं घंटी मारलेली असते, पण दुसऱ्याला विचारायचं नाही म्हणजे नाही.

मला बोलायचंय ते आईबद्दल. ती शेहेचाळीस वर्षांची. बचत गटाची वही तीच लिहिते. कुणाचा हप्ता किती थकला, व्याज किती झालं, सगळं तोंडपाठ. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण कुठलाही फॉर्म आला की 'शिक्षण' या रकान्यापाशी पेन थांबतं. आधी बाकीचा सगळा फॉर्म भरते आणि शेवटी मागे येऊन तिथं इतकं बारीक '७ वी' लिहिते की वाचणाऱ्यानं चष्मा शोधावा.

आज्जीसाठी योजना आहे, स्वयंसेवक आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. माझ्या पुतणीसाठी शाळा, गणवेश, पोषण आहार आहे. या दोघींच्या मधली आई साक्षर आहे, म्हणून तिचं काम संपलं. आमच्या आळीत तिच्या वयाच्या अकरा बायका आहेत. मी मुद्दाम विचारत फिरलो. दहावी झालेली एक, तीही लग्न होऊन कराडवरून आलेली. चौघी चौथीवर थांबल्यात, पाच जणी सातवीवर, आणि एक आठवीत दोन महिने जाऊन परत आली.

चौथी आणि सातवी हेच आकडे का, याचा विचार करत होतो. उत्तर फार अवघड नाही. आमची जिल्हा परिषदेची शाळा तेव्हा सातवीपर्यंत होती, वाडीवरची चौथीपर्यंत. हायस्कूल साडेतीन किलोमीटरवर. शाळा जिथं संपली तिथं पोरीचं शिक्षण संपलं. आमच्याकडच्या चाळिशीपुढच्या बाईला 'कितवी' विचारलं की तिच्या माहेरची शाळा कितवीपर्यंत होती ते कळतं, एवढंच.

दोन गोष्टी विचारायच्यात. जिल्ह्यात अशी मधेच अडकलेली प्रौढ माणसं किती, हे कुठं मोजलेलं असतं का? आणि बाहेरून दहावीला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मचा अनुभव कुणाला आहे? आई अजून हो म्हणालेली नाही. "मला काय आता कलेक्टर व्हायचंय व्हय?" म्हणते. पण नाही असंही म्हणालेली नाही.

तांबडी_माती

आमच्या घरातली गोष्ट लिहिलीत. आई चौथी. वाचतेय.

आकडेमोड

चांगला धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मोजलेलं असतं, पण त्याची बातमी होत नाही.

बातमी होते ती साक्षरतेच्या टक्क्याची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ८२.३४ टक्के, तुमचा सातारा त्याच्या जरासा वर, ८३ च्या आसपास. वरच्या टोकाला मुंबई उपनगर ८९.९१, खालच्या टोकाला नंदुरबार ६४.३८. आता हा टक्का कशाचा, ते बघा. वय वर्षं सात पूर्ण झालेला, कुठल्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकणारा माणूस साक्षर. तो शाळेत गेलेला असलाच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे या ८३ मध्ये तिसरीतलं पोरगं आहे, तुमची आई आहे आणि साताऱ्यातला एखादा पीएचडी झालेला प्राध्यापकही आहे. शाळेत जाणारी मुलं जवळपास सगळी साक्षर, त्यामुळे टक्का वर ओढला जातो. वयस्क निरक्षर माणसं काळाप्रमाणे जातात, त्यानंही टक्का वर सरकतो. प्रौढांनी त्यात काहीच केलेलं नसतं.

तुम्हाला हवं ते जनगणनेच्या सी-८ या तक्त्यात आहे. जिल्हावार, वयोगटवार, स्त्री-पुरुष वेगळे, कोण कुठल्या स्तरापर्यंत शिकलं ते. प्राथमिकच्या खाली, प्राथमिक, माध्यमिकपूर्व, दहावी, बारावी, पदविका, पदवी आणि वर. त्यात 'साक्षर, पण शैक्षणिक स्तर नाही' असाही एक रकाना आहे. तुमची आज्जी आता त्यात जाईल.

अडचण अशी की हा तक्ता २०११ चा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता जी होणार तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. तोवर पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या फोटोवरून आजचा चेहरा ओळखायचा.

त्यानंतरचं एक म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ चं. त्यात १५ ते ४९ वयाच्या किती बायकांचं दहा किंवा जास्त वर्षं शिक्षण झालंय ते मोजतात. महाराष्ट्रात ५०.४ टक्के. आधीच्या फेरीत, २०१५-१६ ला, ४२ टक्के होते. वाढ मोठी आहे हे मान्य. पण पलीकडची बाजू वाचा: आपल्या एवढ्या पुढारलेल्या राज्यात त्या वयाच्या निम्म्या बायका दहावीपर्यंत पोचलेल्या नाहीत. आणि ४९ च्या पुढच्या यात धरलेल्याच नाहीत.

निवृत्त_गुर्जी

येरळाकाठ, तुमच्या आज्जींना माझा नमस्कार सांगा.

उल्लासचं कौतुक चाललंय ते योग्यच आहे, पण साताऱ्याला हे नवं नाही. १९५९ साली याच जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि इथून ती राज्यभर गेली. चौदा ते पन्नास वयाच्या सगळ्या गावानं साक्षर व्हायचं. मी तेव्हा दहा वर्षांचा. रात्री मारुतीच्या देवळात कंदील लावून वर्ग भरायचा. बायकांचा वेगळा, पाटलांच्या सोप्यात. आमचं, शाळकरी पोरांचं, काम पाट्या पुसून द्यायचं. माझी चुलती 'कमळ' लिहायला शिकली तेव्हा तिनं ते चुलीच्या भिंतीवर कोळशानं पन्नास वेळा लिहिलं होतं, आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या होत्या. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. जत्रेसारखी गर्दी. या मोहिमेला पुढं १९७२ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

आणि १९७८ च्या सुमारास मी स्वतः मास्तर म्हणून प्रौढ शिक्षणाचा वर्ग घेत होतो तेव्हा तीच चुलती माझ्यासमोर पाटी घेऊन बसली होती. अक्षरं गेली होती. घरात छापलेला एक कागद येत नाही, पत्र येत नाही, वाचायचं काय? पुरस्कार मिळून सहा वर्षं झाली होती आणि सहीच्या जागी पुन्हा अंगठा आला होता. मोहिमेचा दोष म्हणून सांगत नाही. ती नसती तर कित्येकांनी आयुष्यात पाटीला हात लावला नसता. पण पुढची पायरी कुणी बांधली नाही, हे खरं.

आणखी एक. मला पहिलीला शिकवणारे गुरुजी स्वतः सातवी होते. व्हर्नाक्युलर फायनल. त्या काळी फायनल झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, गावातली खरेदीखतं वाचून दाखवायचा. आकडेमोड यांच्या त्या तक्त्यात आमचे गुरुजी आणि येरळाकाठ यांच्या मातोश्री एकाच रकान्यात बसतील. इयत्तेचं वजन त्या त्या काळाप्रमाणे असतं.

सडेतोड

सगळं भावनिक चाललंय म्हणून विचारतो. राग मानू नका. शेहेचाळीसाव्या वर्षी दहावी करून मिळणार काय? नोकरी मिळणार नाही. बचत गटाची वही त्या आत्ताही लिहितातच. सरकारनं पैसा शाळेतल्या पोरांवर घालावा. तिथंच आठवीतल्या पोराला भागाकार येत नाही.

वाईची_वसुधा

@सडेतोड, राग नाही, पण तुम्हाला कधी अर्हतेच्या रकान्यानं अडवलेलं दिसत नाही.

माझी नणंद अंगणवाडीत मदतनीस व्हायला निघाली होती. पूर्वी सातवी चालायची. आता सेविका काय, मदतनीस काय, बारावी लागते. पोरांचे हात धुवायचे, खिचडी वाढायची, त्यासाठी. अट असावी की नसावी हा वाद वेगळा, पण अट आली तेव्हा तिशीतल्या बायकांनी धावत जाऊन फॉर्म भरले. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट आहे. येरळाकाठ यांच्या आई त्याआधीच्या, त्यांना ती लागू नाही, पण त्यांच्या सुनेच्या वयाच्या बायकांना आहे. माझ्या भावाला पूर्वी टेम्पोच्या लायसनसाठी आठवीचा दाखला मागितला होता. ती अट २०१९ मध्ये केंद्रानं काढली, तोवर याची दहा वर्षं क्लीनर म्हणून गेली. गाडी तोच चालवायचा, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

दहावीनं काय मिळतं ते माहीत नाही. दहावी नसल्यानं काय काय मिळत नाही ते विचारा, यादी देते.

सडेतोड

लायसनचा मुद्दा मान्य. पण मग उपाय अटी काढणं हा झाला, प्रौढांना परीक्षेला बसवणं नव्हे.

वाईची_वसुधा

दोन्ही करा की. कुणी अडवलंय?

म्हसवडची_सून

अटींवरून आमच्या गावची गोष्ट आठवली. इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांत निरक्षर होत्या, सहीऐवजी अंगठे होते. या कामात पुढाकार घेतलेल्या चेतना सिन्हा रडत परत आल्या, पण बायका खचल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकल्या आणि चेतनाताईंबरोबर परत मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही म्हणून परवाना नाकारलात, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, तुमच्या साहेबांनी मशीन घ्यावं, आम्ही तोंडी करतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

माझ्या सासूबाई शेळ्यांच्या बाजारात आजही तोंडी हिशोबात कुणाला ऐकत नाहीत. पण त्याच सासूबाई दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं रंगावरून ओळखतात, आणि कंपनीनं रंग बदलला की घाबरतात. दोन्ही खरं आहे. 'अडाणी बाईला केवढी अक्कल' एवढंच सांगून टाळ्या घेणाऱ्यांचा मला वैताग येतो.

माथाडीचा_पोर

आम्ही पाटणचे. वडील सत्तरच्या दशकात मुंबईला गेले. दिवसा मस्जिद बंदरला पोती उचलायची, संध्याकाळी लालबागच्या रात्रशाळेत. साताऱ्याची निम्मी गावं तेव्हा अशीच मुंबईत एकेका खोलीत वीस-वीस माणसं राहायची. वडील सांगतात, वर्गात मागच्या बाकावर बसून डुलकी लागली तर मास्तर उठवायचे नाहीत, कारण मास्तरही दिवसा दुसरीकडे काम करून आलेले असायचे. दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली. त्याच्या पुढच्या वर्षी वडील बसले. इंग्रजीत गेले. मग दोनदा गेले. चौथ्यांदा पस्तीस.

गावाकडं आई होती. तिला कुठली रात्रशाळा? पुरुषाला मुंबईनं दुसरी संधी दिली. बायकांना ती गावात कुणी दिली नाही. आमच्याकडच्या नवरा-बायकोच्या शिक्षणात दिसणारी तफावत निम्मी इथून आलेली आहे, असं माझं मत.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो, मूळचा कोरेगावचा. इथं प्रौढांचं शिक्षण हा आकडा दरवर्षी सर्वेक्षणातून काउंटीवार निघतो, आणि त्यात पंचवीस वर्षांपुढचेच लोक धरतात. शाळकरी पोरं त्यात येत नाहीत, त्यामुळे आकडेमोड म्हणतात तशी फुगवाफुगवी होत नाही. लिहिता-वाचता येतं का, हा प्रश्न इथल्या जनगणनेनं १९३० नंतर विचारलेलाच नाही. थेट विचारतात, सर्वात वरची पूर्ण केलेली पायरी कुठली.

आमच्या काउंटीत पदवीधर चाळीस टक्क्यांहून जास्त आहेत. ऐकायला भारी वाटतं. पण माझ्या गल्लीत बघा: कोरेगाव, वडोदरा, गुंटूर, नाशिक. आम्हाला शिकवलं कुणी? मला रयतच्या हायस्कूलनं आणि साताऱ्याच्या कॉलेजनं. आकड्यात मात्र मी न्यू जर्सीच्या खात्यावर जमा.

याचं उलटं साताऱ्याला लागू होतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आणली, वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या शंभर वर्षांत जे शिकले ते पुणे, मुंबई, पिंपरीला गेले आणि तिथल्या तक्त्यात मोजले गेले. माण तालुक्यातल्या माणसाला विचारा, गावातून किती अधिकारी निघाले ते अभिमानानं सांगेल. ते सगळे राहतात कुठं? मागं उरलेल्यांवरून जिल्ह्याचं शिक्षण मोजायचं तर हे लक्षात ठेवायला लागतं.

निवृत्त_गुर्जी

एडिसनकर, अगदी मनातलं बोललात. माझ्या वर्गातून दहावी झालेल्यांची यादी माझ्याकडे आहे. आज गावात राहणारे त्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतात. नापास झालेले मात्र सगळे भेटतात, रोज, पारावर. प्रेमानं चहा पाजतात.

दप्तरी_लिपिक

येरळाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच आलं नाही, म्हणून मी. एका हायस्कूलच्या कार्यालयात बावीस वर्षं आहे, दरवर्षी सतरा नंबरवाले बघतो.

दहावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं तर किमान पाचवी पास असल्याचा पुरावा लागतो. आई सातवी आहेत, प्रश्न नाही. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. जवळचं हायस्कूल संपर्क केंद्र म्हणून निवडायचं. तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुण तिथंच होतात, त्यामुळे ते लांबचं निवडू नका. मुदत पावसाळ्यात असते. ती चुकली तर विलंब शुल्क, आणि तीही चुकली की वर्ष गेलं.

खरी अडचण असते मूळ शाळा सोडल्याच्या दाखल्याची. बायकांकडे तो नसतोच. माहेरच्या पेटीत असतो किंवा पुरात गेलेला असतो. जुन्या शाळेत जा, जनरल रजिस्टर काढायला लावा. लग्नाआधीचं नाव, वडिलांचं नाव आणि साधारण कुठल्या साली शाळा सोडली एवढं सांगितलं की सापडतं. दुबार दाखला आणि प्रतिज्ञापत्र चालतं. नावातला बदल आधी निस्तरा. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, इथं निम्मे फॉर्म अडतात. जन्मतारीख १ जून असेल तर दचकू नका, आमच्या जिल्ह्यातली निम्मी जनता १ जूनची आहे.

थेट दहावीचं दडपण वाटत असेल तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथं आठवीची पायरीही आहे.

आकडेमोड

दहावीशिवाय थेट पदवीकडे जायचा एक रस्ता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं पूर्वतयारी शिक्षणक्रमातून उघडला होता, १९८९ च्या स्थापनेनंतर हजारो लोक त्या वाटेनं बीए झाले. पण पुढं नोकरीत 'दहावी, बारावी कुठंय' विचारून ती पदवी अडवल्याचेही अनुभव आहेत. दप्तरी_लिपिक सांगतायत तोच रस्ता सरळ.

येरळाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. धागा मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा आई भाकरी थापत होती. म्हसवडच्या बायकांच्या गोष्टीला थांबली, "परत वाच" म्हणाली.

दप्तरी_लिपिक, तुम्ही सांगितलं तसंच केलं. गेल्या शनिवारी आईला घेऊन तिच्या माहेरच्या शाळेत गेलो. तिथल्या बाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून रजिस्टर काढलं, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. बोट फिरवत फिरवत नाव सापडलं. जन्मतारीख अर्थातच १ जून. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर.

आईनं ते दोनदा वाचलं. मग बाईंना म्हणाली, "गैरहजर न्हवते मी. धाकट्या भावाला कडंवर घेऊन त्या खिडकीखाली बसायची. पोरगं रडतंय म्हणून आत घेत न्हवते. आतलं सगळं ऐकू यायचं."

बाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, नोंद बदलता येत नाही.

फॉर्म भरलाय. नावाचं प्रतिज्ञापत्र वडूजला करून घेतलं.

वाईची_वसुधा

मस्तच! अभ्यास कसा चाललाय?

येरळाकाठ

रात्री जेवणं झाल्यावर बसतात दोघी. इतिहासाचं पुस्तक आज्जीच्या हातात असतं. आई तोंडी उत्तर सांगते आणि आज्जी पुस्तकात अक्षर लावून तपासते, एकेक शब्द. एका प्रश्नाला अर्धा तास जातो. मधे बोललेलं आज्जीला चालत नाही.

इतिहास निघेल, मराठी निघेल. बीजगणित माझ्याच्यानं होत नाही. वडूजच्या आसपासचं कुणी शिकवणारं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संध्याकाळी सातनंतर, धारा काढून झाल्यावर.